ईमेल शिकवण्याआधी तो कोणाच्या नंबरवर आहे ते बघा

घणसोलीच्या ताई, तुमचं वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. निवृत्त सासऱ्यांना इंटरनेट आणि ईमेल शिकायचाय, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी एक ओळ आहे: "तसा त्यांचा एक मेल आयडी आहे, पेन्शनचा फॉर्म भरताना सायबरवाल्याने काढून दिला होता, पासवर्ड त्यालाच माहीत." बाकीच्यांनी क्लास, यूट्यूब, मोठ्या अक्षरांचा फोन सुचवलाय. ते होत राहील. मी त्या शेवटच्या ओळीवरच थांबले, कारण तिनेच आमच्या आईचं जवळजवळ वर्ष खाल्लं.

आम्ही कळव्याचे, खारेगावातले. बाबा गेल्यावर आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद करायचे होते. ऑफिसबाहेर टेबल टाकून लॅपटॉपवर फॉर्म भरून देणारे असतात, त्यातल्या एकाकडून आईने फॉर्म भरून घेतला. फॉर्ममध्ये ईमेल हवाच होता, म्हणून त्याने तिथल्या तिथे काढला. ओटीपी पटकन यावा म्हणून मोबाईल नंबरही स्वतःचाच टाकला. त्याच्या मनात काही वाईट नसावं. रांग लांब होती, त्याला पुढचं गिऱ्हाईक बघायचं होतं. पेन्शन सुरू झाली आणि हा विषय कोणाच्या डोक्यातही राहिला नाही.

पुढे बँकांची विलीनीकरणं झाली, आईच्या शाखेचा आयएफएससी बदलला आणि नवा कोड कळवणं भाग पडलं. पोर्टल उघडलं, आईचं नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर. खाली लिहून आलं की नोंदणीकृत मोबाईल आणि ईमेलवर ओटीपी पाठवला आहे. मोबाईलच्या जागी सगळ्या फुल्या आणि शेवटी 47. आईच्या नंबराच्या शेवटी 18. ईमेलचं पहिलं आणि शेवटचं अक्षर तेवढं दिसत होतं, आणि दोन्ही आमच्या ओळखीची नव्हती. आई स्क्रीनकडे बघून म्हणाली, "नाव माझं आहे ना, मग नंबर कोणाचा?"

आता त्या ऑफिसबद्दल. नाव घेत नाही, घ्यायचंही नाही, पण राग अजून गेलेला नाही. खिडकीवर सांगितलं, सगळं ऑनलाइन झालंय, ऑनलाइन करा. ऑनलाइन मोबाईल बदलायला गेलं की जुन्या मोबाईलवर ओटीपी, ईमेल बदलायला गेलं की जुन्या ईमेलवर ओटीपी. मदत कक्षाला मेल केला तर ठरलेलं उत्तर आलं: कृपया नोंदणीकृत ईमेलवरूनच संपर्क साधावा. ते प्रिंट काढून खिडकीवर नेलं, तर म्हणे, ज्याने फॉर्म भरला त्याला विचारा. तो माणूस केव्हाच तिथून गेला होता. कागदावर त्याचा नंबर सापडला, लावला, तर भलत्याच गृहस्थांनी उचलला. सिम नुकतंच घेतलंय म्हणाले. हे खोटं नसतं, बरं का. बंद झालेला नंबर कंपन्या किमान 90 दिवस तसाच ठेवतात आणि मग दुसऱ्या कोणाला देऊ शकतात. म्हणजे आईच्या पेन्शनच्या खात्याचा ओटीपी त्या दिवशी एका अनोळखी माणसाच्या हातात पडत होता.

माझी आई स्वतः खिडकीसमोर उभी होती. हातात आधार, पासबुक, पेन्शनचा मूळ आदेश, बाबांचा मृत्यूचा दाखला. सही जुळत होती, फोटो जुळत होता. तरी एका परक्या माणसाच्या बंद पडलेल्या नंबराला जास्त किंमत. सत्तरी ओलांडलेल्या बाईला "सिस्टीम घेत नाही" एवढंच सांगून परत पाठवायचं, हे कोणत्याही नियमात बसत नाही, असं माझं आजही ठाम मत आहे.

सुटलं ते कागदाने. साधा अर्ज लिहिला, सोबत आधार आणि पेन्शन आदेशाच्या साक्षांकित प्रती जोडल्या, तो आवक विभागात दिला आणि आमच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतला. शिक्का आधी देत नव्हते, तिथून हललेच नाही. मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला, शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. त्यात "माझं काम का होत नाही" असं विचारू नका. "का"ची उत्तरं ते टाळू शकतात. नोंदणीकृत मोबाईल व ईमेल बदलण्याबाबतच्या परिपत्रकाची प्रत द्या, तो अधिकार असलेल्या अधिकाऱ्याचं पदनाम द्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जाची सद्यस्थिती द्या, एवढंच मागा. उत्तर पोस्टाने आलं. प्रत्यक्ष ओळख पटवून नंबर बदलायचा छापील नमुना पहिल्यापासून होता, आणि तो अधिकार त्याच मजल्यावरच्या एका अधिकाऱ्याकडे होता. खिडकीवर कोणी सांगितलंच नव्हतं. नमुना भरून दिल्यावर काम लगेच झालं.

म्हणून ताई, क्लास वगैरे नंतर. तुमचा सायबरवाला अजून जागेवर आहे असं दिसतंय, तर याच आठवड्यात सासऱ्यांना घेऊन त्याच्याकडे जा. त्याच्याच मशीनवर मेल उघडून घ्या (तो जीमेल, म्हणजे गूगलचा असेल असं धरते), कारण जिथून नेहमी उघडला जातो तिथून गूगल कमी अडवतं. मग त्याच्यासमोरच नवा पासवर्ड, रिकव्हरीला, म्हणजे पासवर्ड विसरल्यास खातं परत मिळवायला, सासऱ्यांचा स्वतःचा नंबर, रिकव्हरी ईमेल तुमचा किंवा तुमच्या मिस्टरांचा. खातं कोणकोणत्या उपकरणांवर उघडं आहे त्याची यादी सुरक्षिततेच्या पानावर असते, तिथून त्याचं मशीन काढून टाका. जुना नंबर काढला तरी गूगल काही दिवस त्यावर कोड पाठवायचा पर्याय ठेवू शकतं, त्यामुळे आठवड्याने परत एकदा तपासा. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा, चालू केलंत तर फोन हाताशी नसताना वापरायचे 10 बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर उतरवून पासबुकासोबत ठेवा, फोनमध्ये फोटो काढून नको. शिवाय दोन वर्षं कोणी उघडलंच नाही तर गूगल असं खातं पुसू शकतं. तुमच्या सासऱ्यांचं शेवटचं कधी उघडलं होतं, तेही त्याला विचारून घ्या.

घरातल्या मुलाचा नंबर मुख्य नंबर म्हणून द्यावा का, यावर पुष्कळांचं माझ्याशी पटणार नाही. माझं मत: देऊ नये. मुलगा पुण्याला असतो, मीटिंगमध्ये असतो, आणि ओटीपी चालतो मोजकी मिनिटं. दुसरं म्हणजे, प्रत्येक कामाला कोणाची तरी वाट बघावी लागली की मोठी माणसं शिकायचंच सोडून देतात. नंबर त्यांचा, फोन त्यांच्या हातात, आपण बाजूला बसायचं. फक्त सिमचं रिचार्ज चुकू देऊ नका.

आता शिकवण्याबद्दल थोडं. माउस, वर्ड, फोल्डर हे सगळं मी आईच्या बाबतीत बाजूला ठेवलं. पहिल्यांदा शिकवलं ते आलेला मेल ओळखणं. पाठवणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात दिसतं, पण नाव कोणीही काहीही लावू शकतं. त्याच्या खालच्या बारीक बाणावर बोट ठेवलं की खरा पत्ता उघडतो. आई चष्मा कपाळावरून खाली ओढते, बोटाने एकेक अक्षर लावून @ च्या पुढचं वाचते, आणि gov.in किंवा nic.in दिसलं नाही तर सरकारी म्हणवणारा मेल तसाच ठेवते, मला विचारते. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने आता bank.in असा वेगळा पत्ता आणलाय, तोही तिने वहीत लिहून घेतलाय. या एका सवयीमुळे ती "आज रात्री साडेनऊला लाइट कापणार" असल्या मेसेजला घाबरली नाही. साध्या मोबाईल नंबरवरून वीज कंपनी असं कळवत नाही, हे तिने शेजारच्या काकूंनाही समजावलं. पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तोही ताबडतोब. हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

दुसरं शिकवलं ते शोधणं. खाली खाली सरकवत बसण्यापेक्षा वरच्या चौकटीत "पेन्शन" टाइप करायचं. टायपिंगचा बाऊ करू नका. जीबोर्डवर, म्हणजे फोनमधल्या गूगलच्या कीबोर्डवर, मराठी घेतलं की माइक दाबून बोललेलं देवनागरीत उमटतं, आईने पहिला मेल तसाच मावशीला पाठवला. स्पॅमची पेटी मात्र आठवड्यातून एकदा बघायला लावा. 30 दिवसांनी तिथलं आपोआप जातं आणि कामाचं पत्र कधीकधी तिथेच पडलेलं असतं.

मी संगणकाच्या क्षेत्रातली नाही, वकीलही नाही. हे एका ऑफिसच्या अनुभवावरून लिहितेय. तुमच्या सासऱ्यांचं खातं वेगळं असेल तर नमुना आणि रीत वेगळी असू शकते. पडद्यावरचे शब्दही अधूनमधून बदलतात, तेव्हा मी म्हटलं तसंच बटण दिसलं नाही तर घाबरू नका.

एक मात्र घाईचं आहे. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागेल. जीवन प्रमाण या सरकारच्या ऑनलाइन सोयीवर फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून तो घरबसल्या होतो, पण प्रमाण आयडीचा, म्हणजे त्या दाखल्याच्या क्रमांकाचा, मेसेज दिलेल्या मोबाईलवरच येतो. तिथे परत सायबरवाल्याचा नंबर पडायला नको. सायबरवाला सापडला नाही तर कळवा, आवक विभागात दिलेल्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, नाव-पत्ता काढून इथे टाकते.