न सांगता द्यायची गोळी मागितली तर

प्रिय डॉक्टर,

व्यसनमुक्तीच्या ओपीडीत बसायला लागलीस की लवकरच एखादी आई किंवा बायको पेशंट बाहेर गेल्यावर हळूच म्हणेल, "त्यांना न कळता चहातून देता येईल अशी गोळी द्या ना." तिला हवी असते दारू सोडवण्याची गोळी, डायसल्फिराम. तिचं दुःख नीट ऐकून घे, पण गोळी लिहू नकोस. ती पोटात असताना दारू घेतली की अ‍ॅसिटाल्डिहाइड, म्हणजे दारू पचताना तयार होणारं विषारी द्रव्य, शरीरात साचतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला गोळीचा पत्ताच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर घेईल, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. शिवाय पिण्याआधी हात थांबतो तो 'त्रास होईल' हे ठाऊक असल्यामुळे. लपवून दिलेल्या गोळीत तेच नसतं.

त्यामुळे संमती लेखी घे. शेवटच्या पेगनंतर किमान १२ तास, शक्य असेल तर २४ तास जाऊ देत. मग रोज सकाळी २५० मि.ग्रॅ., घरच्या माणसासमोर. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध, आफ्टरशेव्ह, मेट्रोनिडाझोल (एक अँटिबायोटिक) बंद. गोळी थांबवल्यावरही दोन आठवडे दारू धोक्याचीच, हे दोनदा सांग. हृदयविकार, सायकोसिस (भास-भ्रमांचा मानसिक आजार) किंवा गर्भारपण असेल तर ही गोळी नकोच. यकृताची तपासणी आधी कर आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. कावीळ दिसली तर त्याच दिवशी बंद.

एकट्या राहणाऱ्याला समोर उभं राहून गोळी देणारं कुणी नसतं. तिथे दुसरी औषधं बघ. 'एक घेतला की थांबता येत नाही' म्हणणाऱ्याला नाल्ट्रेक्सोन चांगली: काही दिवस २५, मग रोज ५० मि.ग्रॅ., जेवणानंतर, म्हणजे मळमळ कमी होते. आधी ट्रॅमाडॉल किंवा कोडीनसारखं ओपिऑइड (अफूच्या जातीचं औषध) चालू आहे का ते विचार. त्याच्या शेवटच्या डोसनंतर ७ ते १० दिवस गेले नसतील तर ओपिऑइडचा विथड्रॉवल, म्हणजे सवयीचा पदार्थ अचानक तुटल्याचा त्रास, उसळतो.

दुसरा पर्याय अकॅम्प्रोसेट. ती यकृताला जड जात नाही, पण क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) पाहिल्याशिवाय लिहू नकोस. ३३३ मि.ग्रॅ.च्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, अख्ख्या गिळायच्या. वजन ६० किलोच्या आत असेल तर दिवसाला चारच. चुकते ती बहुतेक दुपारची, म्हणून ती जेवणाच्या डब्यातच ठेवायला सांग.

दारू तुटल्यामुळे हातपाय थरथरत असलेल्या माणसाचा आधी विथड्रॉवल सांभाळ, थायमिन (जीवनसत्त्व बी१) दे. या तिन्ही गोळ्यांचा त्यावर उपयोग नाही.

मध्येच एकदा पिणं झालं तर माणूस शरमेने औषधही सोडतो आणि ओपीडीलाही येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी, बायकोसमोर, सांगून ठेव: अकॅम्प्रोसेट आणि नाल्ट्रेक्सोन चालूच ठेवायच्या, डायसल्फिराम मात्र थांबवायची आणि त्याच आठवड्यात भेटायला यायचं. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत.

तुझा,
सर