कॉलेजात शिकवतच नाहीत, मग ती डॉक्टर होणार कशी?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला, लेक्चर फारच कमी, सात-आठ जणांचा ग्रुप करून हातात एक केस देतात आणि सर नुसते बसून असतात, इंजेक्शन पुतळ्यावर, अॅनाटॉमीचं निम्मं काम स्क्रीनवर, आणि घरी आली की मोबाईलवर प्रश्न-उत्तरांची कार्डं सरकवत बसते. एवढी फी भरून स्वतःचं स्वतःच शिकायचं तर कॉलेज कशाला, असं तुम्ही विचारलंय.

चिडणं साहजिक आहे, पण हे काही काल-परवाचं फॅड नाहीये. अमेरिकेत 1910 ला डॉक्टरकीच्या शिक्षणावरचा फ्लेक्सनरचा रिपोर्ट आला आणि तिथून साचा पक्का झाला, आधी दोन वर्षं सायन्स, मग दोन वर्षं हॉस्पिटल, आणि त्यात व्हायचं काय की पहिल्या वर्षी घोकलेलं पेशंटसमोर उभं राहीपर्यंत पार धुवून निघायचं. म्हणून कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीने 1969 मध्ये पहिल्या दिवसापासून केसवरूनच शिकवायला घेतलं.

तो तास कसा चालतो बघा. समजा केस आहे 58 वर्षांच्या बाईंची, रात्री आडवं झालं की दम लागतो, दोन उशा लागतात, पाय सुजलेत, पहिल्या पानावर बस एवढंच. एकजण लगेच म्हणतो हार्ट फेल्युअर. दुसरी विचारते, ठीक आहे, पण आडवं झाल्यावरच का? आणि सगळे गप्प. झोपल्यावर पायांकडचं रक्त छातीकडे परत येतं, थकलेल्या हार्टला ते पुढे ढकलता येत नाही आणि फुफ्फुसात पाणी साठतं, हे वाचलेलं सगळ्यांनी असतं पण सांगता कोणालाच येत नाही. मग 'हे आपल्याला माहीत नाही' अशी यादी फळ्यावर होते, वाटून घेतात, दोन-तीन दिवसांनी वाचून येऊन एकमेकांना समजावतात. सरांचं काम म्हणजे चर्चा भरकटली की नेमका एक प्रश्न टाकून वळवायची, बाकी तोंड बंद ठेवायचं, आणि हे लेक्चर देण्यापेक्षा अवघड आहे हो. अर्थात खरोखरच नुसते बसणारे सरही असतात, मग तो ग्रुप म्हणजे निव्वळ टाइमपास, आणि लेखी परीक्षेच्या मार्कांत या पद्धतीने फार मोठा फरक पडतो असंही नाही.

पुतळ्याचं म्हणाल तर सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं की छाती दाबायची ती पद्धत, शिकवायचा तो प्रसिद्ध पुतळा 1960 मध्ये नॉर्वेच्या लेअर्दाल नावाच्या, खेळणी बनवणाऱ्या माणसाने केला. आताच्या पुतळ्यांना नाडी असते, श्वास असतो, बीपी पडतं. पण खरी गंमत पुतळ्यात नाहीच. पाच-सात मिनिटांत नाडी जाते, चौघंजण एकाच वेळी बोलतात, 'कोणीतरी औषध भरा' म्हणतात आणि कोणीच भरत नाही, कारण नाव घेऊन कोणालाच सांगितलेलं नसतं. नंतर सगळ्यांना गोल बसवून ते पुन्हा उकलतात, तू तेव्हा काय बघत होतीस, तुला काय वाटलं, मदत कधी मागायची होती, आणि ही चर्चा प्रसंगापेक्षा लांब चालायला पाहिजे. ती होत नसेल तर पुतळा कितीही महागडा असो, शोभेचा आहे. आणि सुई टोचायची पहिली वेळ खऱ्या माणसाच्या हातापेक्षा पुतळ्यावर हुकलेली बरी, पेशंट म्हणून तुम्हालाही तेच आवडेल.

परीक्षाही बदललीये. 1975 मध्ये स्कॉटलंडच्या डंडीमधल्या हार्डन यांनी ऑस्कीची, म्हणजे प्रत्यक्ष करून दाखवायच्या परीक्षेची, पद्धत मांडली, बेल वाजली की पुढच्या स्टेशनवर, कुठे पेशंटची भूमिका करणारा माणूस छातीत दुखतंय म्हणून बसलेला, आणि परीक्षक यादी घेऊन बघतोय की हिने हात धुतले का, नाव विचारलं का, दुखणं हातात जातं का ते विचारलं का.

स्क्रीनवरच्या अॅनाटॉमीबद्दल मात्र तुमच्याशी अर्धा सहमत. स्क्रीनवर कापलेलं परत जोडता येतं, सीटी स्कॅन शेजारी लावून बघता येतो, हे चांगलंच. पण प्रत्येक शरीरात रक्तवाहिन्या थोड्या वेगळ्या जातात आणि बोटाला नस कशी लागते हे काच शिकवत नाही. मृतदेहावर हात ठेवायला मिळतो ना, तेवढं तिला विचारा, मिळत असेल तर सोडून द्या.

कार्डांवरून तिला अजिबात ओरडू नका. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग आहे, काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला, पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते आणि आठवड्याने आठवणारे. कार्डं तेच करतात, विसरायच्या बेताला आलं की प्रश्न परत समोर. फक्त मूळ धडा न वाचताच दुसऱ्याची तयार कार्डं घोकत असेल तर ते पाठांतरच झालं.

आणि एआय. 2023 च्या सुरुवातीलाच चॅटजीपीटी अमेरिकेच्या डॉक्टरकीच्या परीक्षेत पासच्या काठावर पोचल्याचं आलं होतं. पेशंटशी बोलायचा सराव करायला बरं आहे, तिला सांगा उत्तर आधी स्वतः लिही मग त्याला विचार, कारण ते चुकतं तेव्हाही तेवढ्याच ठामपणे चुकतं आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना ते पकडता येत नाही.

आता तक्रार करायची की नाही ते असं ठरवा. लेक्चर किती झाली विचारू नका. विचारा की गेल्या महिन्यात तू काहीतरी करताना समोर उभं राहून कोणी पाहिलं का, आणि नेमकं काय चुकलं ते सांगितलं का. तिने धडाधड दोन-चार प्रसंग सांगितले तर कॉलेज आपलं काम करतंय. आठवून आठवून एकही सांगता आला नाही तर तिने आणि ग्रुपमधल्या बाकीच्यांनी मिळून विभागप्रमुखांकडे जावं, तुम्ही एकट्या जाऊ नका, पहिल्या वर्षाच्या मुलीला ते फार अवघड होतं. लेक्चरच्या व्हिडिओंचा तो महागडा पॅक घेऊन देऊ का म्हणालात, तर आत्ता नको, व्हिडिओ तिच्याकडे आधीच ढीगभर आहेत, तिला कमी पडतोय तो बघणारा माणूस आणि तो पॅकमध्ये येत नाही.