पंचनाम्यातलं वय आधी बघा, बाकीचं नंतर

ताई, तुम्ही लिहिलंय की चोपडा रस्त्यावरच्या फाट्यावर उभ्या असलेल्या आईला बसने मागे येताना धडक दिली आणि ती जागीच गेली. चार महिने होत आलेत. वकीलसाहेब म्हणतात, पोलीस केसचं काय होतं ते बघू, मग भरपाईचा दावा टाकू. आणि सगळ्यात शेवटी विचारलंय: पंचनाम्यात आईचं वय ६५ लागलंय, खरं ५७ आहे, त्याने काही बिघडतं का?

ती शेवटची ओळ वाचली आणि पुढचा घास उतरला नाही. आमच्या घराचं सगळ्यात मोठं नुकसान त्या एका आकड्याने केलं.

मी वकील नाही. केळीच्या व्यापारी ग्रुपवर हिशेब लिहितो. पण २०१६ ते २०२० जळगावच्या कोर्टाच्या व्हरांड्यात इतके दिवस काढलेत की काही गोष्टी पाठ झाल्या. तरी मी सांगतो ते तुमच्या वकिलांकडून तपासून घ्या, कायदा मधल्या काळात बदललाय.

आप्पा, माझे वडील, केळीचे घड वाहायचे. संध्याकाळी रावेर रस्त्याने साइडपट्टीवरून पायी घरी येत होते, बसने मागून उडवलं. बस कुणाची, ठाणं कोणतं, शाळा कोणती, हे लिहिणार नाही. दवाखान्यात रात्री दोनला जमादारांनी मरणोत्तर पंचनामा लिहायला घेतला. वय? मी बोलण्याच्या अवस्थेत नव्हतो. चुलतकाका म्हणाले, "साठ तं व्हतीनच." आप्पा उन्हाने वाळलेले, डोकं पांढरं, दिसायचेच तसे. होते ४९ चे. खाली मी सही केली.

तो साठचा आकडा मग सगळीकडे गेला. शवविच्छेदनाच्या अहवालात, मृत्यूच्या दाखल्यात, चार्जशीटमध्ये. आधारच्या शिबिरात कुणीतरी अंदाजाने १ जानेवारी १९५७ टाकलेलं होतं, तेही त्याला जुळलं. उलटतपासात समोरच्या वकिलांनी वयाबद्दल एकच प्रश्न विचारला: पंचनाम्यावरची सही तुमचीच ना?

आता हिशेब बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला कितीने गुणायचं तो आकडा, ठरलाय. ४६ ते ५० ला १३, ५१ ते ५५ ला ११, ५६ ते ६० ला ९, ६१ ते ६५ ला ७. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने पुढे वाढणारी कमाईही धरायला सांगितली. स्वतःचं काम करणाऱ्याला चाळिशीच्या आत ४० टक्के, ४० ते ५० ला २५, ५० ते ६० ला १०. आप्पांची कमाई महिना ८,००० धरली, म्हणजे वर्षाचे ९६,०००. माय, आजी आणि आम्ही तीन भावंडं अवलंबून, म्हणून त्यांच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा. ४९ धरलं असतं तर ११,७०,००० झाले असते. ६० धरलं म्हणून ७,१२,८०० झाले. काका अंदाजाने बोलले आणि ४,५७,२०० रुपये गेले. काकांना मी कधी बोललो नाही, त्यांचाही भाऊच गेला होता.

आप्पा चौथीपर्यंत शिकले होते, म्हणून शाळेचा निर्गम उतारा, म्हणजे जुन्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल, हा एकच मार्ग होता. त्या शाळेत मी सात चकरा मारल्या. एकदा म्हणाले जुन्या रजिस्टरला वाळवी लागली, एकदा म्हणाले कपाटाची चावी बदलून गेलेल्या गुरुजींकडे आहे, एकदा अर्जच घेतला नाही. तोंडी "नाही" ऐकून मी घरी यायचो. एकदाही लेखी मागितलं नाही, पोच घेतली नाही. कोर्टात पुरावा द्यायचा टप्पा संपला, निकाल लागला. नंतर धाकट्या भावाच्या जातीच्या दाखल्यासाठी त्याच शाळेत गेलो, तर नव्या लिपिकांनी अर्ध्या तासात नोंद काढून दिली. १९६७ साल, स्वच्छ अक्षरात. हायकोर्टात औरंगाबादला जायचं म्हटलं तर माय म्हणाली, आता पुरे कर. मी पुरे केलं. तो उतारा अजून माझ्या ट्रंकेत आहे.

मला तेव्हा कुणी सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. शाळेच्या दारात उभं राहायची गरजच नव्हती. मुख्याध्यापकांना मूळ रजिस्टर घेऊन साक्षीला बोलवा, असा अर्ज वकिलांनी न्यायाधिकरणात, म्हणजे अपघाताचे दावे चालतात तिथे, करायचा असतो. समन्स गेलं की कपाटाची चावी सापडते. तुमची आई शाळेत गेली नसेल तर माहेरच्या गावचं कोतवाल बुक बघा, जुन्या जन्मनोंदींची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. आधारवर विसंबू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच अशा अपघाताच्या दाव्यात आधारवरची तारीख बाजूला ठेवून शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं वय धरलंय. आमच्या वेळी हा निकाल असता तर, असं अजून मनात येतं.

तुमच्या बाबतीत तर दोन्हीकडून मार आहे. ६५ धरलं तर गुणक ७, आणि साठीच्या पुढे म्हणून वाढीव कमाई शून्य. ५७ धरलं तर ९, वर १० टक्के.

आणखी एक. दाव्यात "आई घरीच असायची, काही करत नव्हती" असं वाक्य कुणालाही लिहू देऊ नका. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचं उत्पन्न धरायचं आणि त्यावर भविष्यातली वाढही द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती यांच्या खटल्यात स्पष्ट केलंय. म्हशीचं दूध, कापूस वेचणी, पापडाच्या ऑर्डरी, जे करत असेल ते सगळं लिहा. शेजारणीची साक्ष द्या.

आता वकीलसाहेबांचं. पोलीस केसच्या निकालाची वाट बघू, हा सल्ला मला पटत नाही, स्पष्टच सांगतो. फौजदारीत ड्रायव्हर सुटला तरी दावा बुडत नाही, दाव्यात पुराव्याचं माप वेगळं असतं. आणि १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय हे खरं, पण त्याच्या भरवशावर बसू नका. तुमच्याकडे जेमतेम दोन महिने उरलेत. अपघात दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात दावा चालतो. सरकारी बसला विम्यातून सूट असू शकते, म्हणून विमा कंपनीचं नाव सापडलं नाही तर घाबरू नका, बस चालवणारी संस्थाच प्रतिवादी असते. तुम्ही लग्न झालेल्या आहात, म्हणून नाव घालायचं नाही असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका, सगळ्या भावंडांची नावं घाला.

फाट्यावरच्या टपरीचा, पंपाचा कॅमेरा आतापर्यंत पुसला गेला असेल, तरी जाऊन विचारा. घटनास्थळाच्या पंचनाम्यात आई रस्त्याच्या कडेपासून किती फुटांवर पडली ते लिहिलंय का बघा. नाहीतर "बाई अचानक आडवी आली" हे येणारच.

लोकअदालतीत तडजोडीचा आकडा आला तर वरचा हिशेब कागदावर मांडून घेऊन जा. तिथे सही केली की अपील नाही. आमच्या दवाखान्याच्या शवागाराबाहेर दोन जण कोऱ्या वकीलपत्रावर सह्या घेत फिरत होते, टक्केवारी ठरवून. तुमच्याकडे तसं काही झालं असेल तर वकील बदलता येतो. तुम्ही बाई आहात, त्यामुळे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागायचा तुम्हाला हक्क आहे, मिळकत कितीही असो.

पण या आठवड्यात एवढंच करा: पोलिसांच्या कागदांच्या नकला काढा, जिथे जिथे ६५ लिहिलंय तिथे खूण करा, आणि आईच्या माहेरी कुणाला तरी तहसीलला पाठवा. अर्ज लेखी, दोन प्रतीत, एकीवर शिक्का मारून पोच. अर्जाचा मजकूर हवा असेल तर सांगा, मी आज रात्री लिहून पाठवतो.