द्राक्षाच्या चोथ्यातल्या पेक्टिनने पेशी मेल्या, म्हणजे अपोप्टोसिसच झाला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकजवळच्या वायनरीतून चोथा आणून पेक्टिन (फळांतला जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ) काढलं, एमटीटी चाचणीत आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी निम्म्यावर आल्या. प्रकल्पात ‘अपोप्टोसिस घडतो’, म्हणजे पेशी आतूनच ठरावीक क्रमाने स्वतःला मारतात, असं लिहू का? आणि घरातल्या रुग्णाला हे देऊ का?

एवढ्यावर लिहू नका. एमटीटी पेशींचं मरण मोजत नाही, त्यांचा चयापचय मोजते: जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीला जांभळं करतात आणि तो रंग मोजला जातो. वाढ नुसती मंदावली तरी आकडा उतरतो. उलट, चोथ्यातले पॉलिफिनॉल (सालीतली तुरट द्रव्यं) पेशी नसतानाही एमटीटी जांभळं करतात. म्हणून पेशी न घालता फक्त माध्यम आणि नमुना असलेले तीन-चार वेल (प्लेटमधले खळगे) ठेवाच.

चोथा कुठला, तेही बघा. रेड वाईनचा चोथा आंबवल्यानंतर पिळलेला असतो, त्यामुळे त्यात यीस्टच्या भिंतीतले ग्लुकान आणि मॅनान या दुसऱ्याच शर्करासाखळ्या मिसळतात. व्हाईटची द्राक्षं आंबवण्याआधीच पिळतात, म्हणून शेनिन ब्लाँचा चोथा बरा. दुसरी अडचण आपल्या भागातली: डाऊनी (केवडा) रोगासाठी बागेत बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, मारलेलं असतं. पेक्टिन तांबं घट्ट धरून ठेवतं, आणि तांबं स्वतःच पेशी मारतं. वाळवलेला चोथा आधी ७० टक्के इथेनॉलने दोन-तीनदा धुवा. पेक्टिन काढल्यावर ईडीटीएसह (हे धातू पकडणारं रसायन) आणि मग नुसत्या पाण्यात डायलिसिस करा, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून लहान रेणू धुवून काढा, आणि तांब्याची तपासणी करून घ्या.

आता खरी चाचणी, ॲनेक्सिन-व्ही आणि प्रोपिडियम आयोडाइड. पहिलं मरू लागलेल्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतं, दुसरं पडदा फाटलेल्या पेशीत शिरतं. इथे पेक्टिन हमखास दगा देतं. ॲनेक्सिनला चिकटायला कॅल्शियम लागतं आणि पेक्टिन तेच पकडून बसतं; पेशी नीट धुतल्या नाहीत तर मरणाऱ्या पेशीही निरोगी दिसतात. तरंगणाऱ्या पेशी फेकू नका, मरणाऱ्या बऱ्याचशा त्यातच असतात. ट्रिप्सिन ईडीटीएशिवायचं घ्या, थंड पीबीएसने (क्षारांचं बफर द्रावण) दोनदा धुवा, २.५ मिलिमोलर कॅल्शियमच्या बफरमध्ये अंधारात १५ मिनिटं ठेवा आणि तासाभरात फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी तपासणारं यंत्र) लावा.

मिलिलीटरला १ मिलिग्रॅम इतकी मात्रा असेल, तर कमी एस्टर असलेलं (म्हणजे कॅल्शियम धरणारे आम्लगट जास्त मोकळे असलेलं) पेक्टिन माध्यमातलं बरंचसं कॅल्शियम ओढून घेऊ शकतं. मग पेशी तळापासून सुटतात आणि आधार गेल्यानेच मरतात. तेवढ्याच मात्रेचं पॉलिगॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल (पेक्टिनचा फांद्या नसलेला कणा, तोही कॅल्शियम ओढतो) शेजारी ठेवलंत की फरक कळेल. शेवटी २० मायक्रोमोलर झेड-व्हॅड-एफएमके घालून बघा. हे अपोप्टोसिस घडवणारी कॅस्पेझ विकरं अडवतं. त्याने पेशी वाचल्या आणि वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनांचा आकार दाखवणारी चाचणी) पार्प हे कॅस्पेझ तोडतात ते प्रथिन ११६ वरून ८९ किलोडाल्टनला तुटलेलं दिसलं, तर खुशाल अपोप्टोसिस लिहा.

कारण शोधायचं असेल तर गॅलेक्टिन-३ कडे वळा. हे प्रथिन पेशीला मरणापासून वाचवतं आणि पेक्टिनच्या गॅलॅक्टोजच्या फांद्या त्याला चिकटू शकतात. पण लांब, गुंतलेल्या साखळीत त्या हाती लागत नाहीत. म्हणून आधी पीएच १० आणि मग पीएच ३ वर नेऊन साखळी तोडतात.

रुग्णाला मात्र देऊ नका, हे कळकळीने सांगतो. तोंडावाटे घेतलेलं अखंड पेक्टिन रक्तात जवळजवळ उतरत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं ब्युटिरेटसारख्या आम्लांत रूपांतर करतात, म्हणजे तुमच्या प्रयोगाच्या प्लेटमधला रेणू गाठीपर्यंत पोचतच नाही. जपानमध्ये शिताके अळंबीतलं लेंटिनान वापरलं गेलं तेही इंजेक्शनने, केमोथेरपीच्या जोडीला, आणि मुख्यतः प्रतिकारशक्तीसाठी. शिवाय पेक्टिन काही औषधांचं शोषण कमी करतं, आणि चोथ्यावर फवारणीचे अंश असतात. घरात चूर्ण आधीच सुरू केलं असेल तर पुढच्या केमोआधी डॉक्टरांना सांगा.