वाचक विचारतात : काकांचा जुना कॅमेरा आणि माझा हट्ट

प्रश्न : माझ्याकडे चांगला ऑटोफोकसवाला डिजिटल कॅमेरा आहे, तरी गेले तीन महिने काकांचा जुना फिल्मचा कॅमेरा, पेंटॅक्स के १०००, गळ्यात अडकवून फिरतोय. सगळं हातानं करावं लागतं, निम्मे फोटो बिघडतात, मित्र हसतात. पण मजा येतेय. हा उगाचचा हट्ट आहे का?

उत्तर : हट्ट आहेच, आणि मित्रही अगदीच चुकीचे नाहीत. पळणारं पोर किंवा उडता पक्षी टिपायचा असेल तर गपचूप ऑटोफोकस वापरा, मीही तेच करते.

पण मजा का येतेय ते बघा. के १००० वर आहे काय, तर शटर स्पीडची (उजेड किती वेळ आत घ्यायचा त्याची) चकती, लेन्सवर ॲपर्चरची (लेन्सचं भोक किती उघडायचं त्याची) आणि फोकसची रिंग, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये वरखाली हलणारी, उजेड मोजणाऱ्या मीटरची एक सुई. संपलं. १९७६ ते १९९७ हा कॅमेरा फारसा न बदलता बनत राहिला, बदलायला होतंच काय त्यात! फोटो बिघडला तर कुणी बिघडवला हा प्रश्नच येत नाही, तुम्हीच बिघडवलाय आणि कुठे ते शोधताही येतं.

काळ्या कोचावर काळी मांजर बसलीये असं समजा. मीटरला वाटतं की समोर जे काही आहे ते सरासरी करडंच असणार, म्हणून ऑटो कॅमेरा बऱ्याचदा एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, वाढवतो आणि मांजर राखाडी होऊन बसते, पांढऱ्या चादरीवर पांढरी मांजर असली तर उलटं, तीही राखाडीच. तुमच्या के १००० ची सुई काही जास्त हुशार नाही बरं का, तीही अशीच फसते, फक्त तिचं ऐकायचं की नाही हे तुमच्या हातात राहतं. काळ्या मांजरीला सुई सांगते त्यापेक्षा दीडदोन स्टॉप कमी, पांढरीला तेवढेच जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). ऑटोमध्येही त्यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड मुद्दाम कमीजास्त करायची सोय, असतं हो, पण ते वापरायची आठवण व्हायला आधी कॅमेरा फसतोय हे कळायला लागतं, आणि ते सुईशी भांडूनच कळतं.

एक दिवस सुईकडे न बघता फोटो काढा. १०० आयएसओचा रोल (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा), कडक ऊन, ॲपर्चर एफ १६ (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) आणि शटर १/१२५ सेकंद. ढग आले की एफ ८, सावलीत गेलात की एफ ५.६ किंवा ४. आणि ३५ एमएमची लेन्स मिळाली तर एफ ८ ला फोकस ५ मीटरवर ठेवून द्या, साधारण अडीच मीटरपासून पुढचं सगळं बऱ्यापैकी स्वच्छ येतं, मग फोकसला हात लावायचा नाही, बघायचं आणि दाबायचं. हे जमलं की ऑटोफोकसपेक्षा फास्ट होता, खोटं नाही सांगत.

प्रश्न : पहिलाच रोल धुऊन आला, ३६ पैकी एकही फोटो नाही. लॅबनं वाट लावली का?

उत्तर : आधी फिल्मची कड उजेडात धरून बघा. तिथे फ्रेमचे नंबर आणि फिल्मचं नाव स्वच्छ दिसत असेल तर लॅबनं काम नीट केलंय, फिल्मवर उजेडच पडलेला नाही. बहुतेक वेळा ती टेक-अप स्पूलमधून, म्हणजे फिल्म गुंडाळून घेणाऱ्या रिळातून, निसटलेली असते, काउंटर मात्र इमानदारीत पुढे सरकत राहतो. माझा असा एक अख्खा रोल गेलाय, तोही एका लग्नात, अजून त्या घरी गेले की विषय निघतो. कॅमेऱ्यात नवा रोल घातला की रिवाइंडची (फिल्म परत डबीत गुंडाळायची) मूठ बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढा आणि मग फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढताना त्या मुठीकडे बघा, ती फिरली तर फिल्म सरकतेय. नाही फिरली तर थांबा आणि परत भरा.

प्रश्न : के १००० चा सेल सारखा का उतरतो?

उत्तर : त्याच्या मीटरला बंद करायचं बटनच नाही, लेन्सवर उजेड असेतो सेल जळत राहतो. झाकण लावून ठेवत चला. सेल संपला तरी शटर चालतं, सुई तेवढी झोपते.