जुन्या क्रिकेटवर विकिपीडियात लिहायचंय? आधी एवढं बघ

मस्त, ये, १८व्या शतकातल्या क्रिकेटवर लिहिणारे हात कमीच आहेत. पण सुरुवातीलाच हॅम्बल्डन क्लबचा (त्या काळचा इंग्लंडमधला नावाजलेला क्रिकेट क्लब) अख्खा लेख हातात घेऊ नकोस, छोट्या लेखात एक वाक्य आणि त्याला धड संदर्भ, सध्या एवढंच.

नवीन मंडळी हमखास चुकतात ते तारखांत. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे गिल्डफर्डच्या कोर्टातली जॉन डेरिकची जानेवारीतली साक्ष, ज्यात तो लहानपणी क्रिकेट खेळल्याचं सांगतो, ती कागदावर १५९७ची आणि आजच्या हिशोबाने १५९८ची. कुठली पद्धत वापरलीये ते लेखात लिही, दुसऱ्याचं सरळ खोडू नकोस.

'पहिली मॅच' असं कधीच नाही, 'सापडलेली सगळ्यात जुनी नोंद' असं.

आणि आजचे नियम तिकडे नेऊ नकोस, तेव्हा बॉलिंग अंडरआर्म, १७७५ पर्यंत स्टंप दोनच, आणि बॅट्समन कॅच आउट झाला तर बहुतेक स्कोरकार्डांत बॉलरचं नावच नसायचं! मग नुसत्या विकेट्स मोजून बॉलर कसा होता ते कसं ठरवणार?

एडिट कुणी उलटवलं तर चिडायचं नाही, चर्चा पानावर विचारायचं. फर्स्ट-क्लास दर्जाचा वाद, म्हणजे जुन्या मॅचेसपैकी कुठल्या वरच्या दर्जाच्या धरायच्या, तो नंतर बघू. कुठला लेख घेतोस ते कळव, मी संदर्भ तपासून देईन.