वाचकांचे प्रश्न : कसारा घाटात बंद पडणारी सँट्रो

प्रश्न : माझ्याकडे २००६ची सँट्रो झिंग आहे. मुंबईहून येताना कसारा घाटात गाडी झटके खाते, पिकअप जातो आणि बंद पडते. वीस-पंचवीस मिनिटांनी सेल्फ मारला की काही झालंच नाही अशी सुरू होते. नाशिकमध्ये फिरताना तक्रार नाही. मेकॅनिक म्हणतो, फ्युएल पंप बदला. बदलू का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : लक्षणं पंपाचीच वाटतात, पण खात्री गाडी बंद पडलेली असतानाच होईल. थंड गाडी गॅरेजात नेली की पंप बहुधा ठणठणीत दिसतो. तुमचा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. त्याच्या मोटरचे ब्रश (आतले कार्बनचे तुकडे) झिजले की ती तापते आणि इंधनाचा दाब पडतो. चढावर इंजिन जास्त पेट्रोल मागतं, म्हणून दुखणं तिथे बाहेर येतं. टाकीत पेट्रोल कमी असेल तर आणखी लवकर, कारण मोटरला थंड ठेवायचं काम पेट्रोलच करतं.

पुढच्या वेळी बंद पडली की गाडी कडेला घेऊन आधी टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज करत हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर टाकीत हवा जायची वाट तुंबली आहे. झाकणाची झडप आणि व्हेंटचा पाइप बघा, पंपाला हात लावू नका.

झाकणाने फरक पडला नाही तर चावी नुसती ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू आली पाहिजे. येत नसेल तर फ्यूज बघा आणि पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा स्विच) काढून त्याच नंबरचा दुसरा लावून पाहा. मग पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर. त्या दोन सेकंदांत बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज मिळतं आणि पंप मुका, तर पंप गेला. व्होल्टेज एक-दीड व्होल्टने कमी असेल तर वायरिंग किंवा अर्थिंग खराब आहे. तसंच ठेवून नवा पंप बसवला तर तोही फार टिकणार नाही.

झटके न देता, चावी बंद केल्यासारखी गाडी एकदम थांबत असेल तर संशय क्रँक सेन्सरवर घ्या, म्हणजे इंजिन फिरतंय हे सांगणाऱ्या सेन्सरवर. तोही तापल्यावरच दगा देतो. सेन्सरचा सिग्नल गेला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सेल्फ मारताना पंपाचा पुरवठाही तोडतो, आणि मुका पंप बघून चांगला पंप बदलला जातो. म्हणून आवाज चावी ऑन केल्याच्या पहिल्या दोन सेकंदांतच ऐकायचा.

शेवटचा पुरावा प्रेशर गेजचा. अशा एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाड्यांत दाब साधारण ३ ते ३.५ बार असतो. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. इंजिन पूर्ण तापवून, रेस देऊन गेज बघायला सांगा. दाब पडत असेल तर दोष पंपाचा किंवा त्याच्या तोंडाशी असलेल्या गाळणीच्या जाळीचा. जाळीला चिकटलेली घाण गाडी थांबल्यावर सुटून तळाला बसते, त्यामुळे तुंबलेल्या जाळीची गाडीही थोड्या वेळाने सुरू होते!

प्रश्न : पंप घरी बदलता येईल का?
– सातपूरहून एक वाचक

उत्तर : मागच्या सीटखाली झाकण असेल तर येतो. टाकी उतरवावी लागत असेल तर गॅरेजच बरं. टाकी पाव भरलेली किंवा त्याहून कमी असू द्या. काम उघड्यावर करा. बंद पार्किंगमध्ये नको. आधी इंजिन चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढा. बंद पडल्यावर दोन-तीन सेकंद सेल्फ मारा, म्हणजे लाइनमधला दाब उतरेल. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा.

झाकणाभोवतीची धूळ ब्रशने साफ केल्याशिवाय काही उघडू नका. ती टाकीत पडली तर नवी जाळी महिन्याभरात तुंबेल. वरची मोठी रिंग असेल तर लाकडी ठोकळ्याने फिरवा, लोखंडी छिन्नीने नको. असेंब्ली तिरकी करून बाहेर काढा. पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या फ्लोटची दांडी वाकली तर पेट्रोलचा काटा कायम खोटं बोलेल. तळाशी गंज किंवा गाळ दिसला तर टाकी धुऊन घ्या.

नुसती मोटर घेतली तरी जाळी आणि सीलिंग रिंग नवीच घाला. आतला छोटा होज पेट्रोलमध्ये बुडून राहणारा असावा. बोनेटखालचा साधा फ्युएल होज तिथे फुगतो आणि फाटतो. नवा पंप पेट्रोलशिवाय बॅटरीवर फिरवून बघायचा मोह टाळा. बसवल्यावर चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा, सगळे जोड हाताने चाचपा आणि कोरडे असतील तरच सेल्फ मारा. सीट लगेच बसवू नका, एक फेरी मारून पुन्हा बघा.

प्रश्न : १९९६ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. सप्तशृंगीला जाताना नांदुरीच्या पुढे चढाला बंद पडते. यातही हेच सगळं तपासायचं का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : झाकण आणि व्हेंट तेवढे बघा. बाकी नाही, तुमचा पंप टाकीत नसून इंजिनावर आहे आणि कॅमशाफ्टवर चालतो. बंद पडल्यावर इंजिन जरा निवू द्या, मग पंपावर ओलं फडकं टाका. लगेच सुरू झाली तर पेट्रोलची वाफ धरते आहे. इंजिनाला टेकलेला पाइप दूर करा. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली असेल तर पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटला आहे. मग गाडी चालवू नका. पंपाबरोबर ऑइलही बदला. पंप आणि इंजिनामधला जाड इन्सुलेटर परत बसवायला विसरू नका आणि त्याची जाडीही बदलू नका, नाहीतर पंपाचा स्ट्रोक बिघडतो.